एकाच शब्दावर पाच मिनिटं: 'वाट' धरून कोट्यांचा लेख कसा बांधायचा

गणपतीच्या कार्यक्रमांची यादी करणारा माणूस शेवटच्या रिकाम्या ओळीपाशी अडतो आणि तुमच्याकडे बघून म्हणतो, "तुम्ही लिहिता ना काहीतरी? मग एखाद्या शब्दावर गंमत करा की. पाच मिनिटं." कोजागरी असो, ऑफिसचं स्नेहसंमेलन असो, परदेशातल्या महाराष्ट्र मंडळाची दिवाळी असो किंवा कुणाच्या निवृत्तीचा निरोप, मागणी हीच असते. एक नेहमीचा शब्द, त्याचे नाना अर्थ, आणि लोक हसले पाहिजेत.

कोटी करणं वेगळं आणि कोट्यांचा लेख बांधणं वेगळं. टपरीवर चहा पिताना फटकन कोटी करणारे पुष्कळ असतात. त्यांनाच माइकसमोर उभं केलं की ते वाक्प्रचारांची यादी वाचून दाखवतात: वाट पाहणे, वाट लागणे, वाट चुकणे, बघा आपली मराठी किती समृद्ध! लोक टाळ्या वाजवतात, कारण मराठी समृद्ध आहे म्हटल्यावर टाळ्या वाजवाव्याच लागतात. हसत मात्र कुणी नाही.

असे बरेच लेख लिहून आणि वाचून झाल्यावर जी पद्धत हाताशी राहिली, ती इथे क्रमाने देतो आहे. उदाहरणाला शेवटपर्यंत 'वाट' हाच शब्द घेतला आहे. पायऱ्या समजल्या की तुमचा शब्द त्या जागी बसवा.

आधी हे जमवा

- एक वही. फोनवर टिपणं काढू नका, कारण शब्दांच्या याद्या एकमेकींशेजारी दिसाव्या लागतात.
- दोन कोश. दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश (सात विभाग, १९३२ ते १९३८) आणि मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (दुसरी आवृत्ती, १८५७). दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या संकेतस्थळावर फुकट बघता येतात.
- सत्तरीपुढचं एक माणूस, शक्यतो गावात वाढलेलं. कोशात नसलेल्या वापरांसाठी.
- फोनमधला रेकॉर्डर.
- कार्यक्रमाला कोण येणार याचा अंदाज: वयं, गावं, आणि लहान मुलांना मराठी कितपत येतं.

कोश उघडल्यावर पहिला घोटाळा इथे होतो: 'वाटणे' असं टाइप करून शोधलं तर हाती काहीच लागत नाही. जुन्या कोशांत क्रियापदं 'वाटणें' अशी अनुस्वार देऊन छापलेली आहेत. तो अनुस्वार १९६२ च्या लेखननियमांनी गेला, कोश त्याआधीचे. नुसतं 'वाट' टाकून आसपासची पानं चाळा. शोधत नव्हतो तेच शब्द तिथे जास्त मिळतात.

१. शब्द निवडा

कसोटी सोपी आहे. शब्द मनात आणा आणि एका दमात त्याचे पाच वाक्प्रचार म्हणा. अडखळलात तर तो शब्द सोडा.

संस्कृतातून जसेच्या तसे आलेले भारदस्त शब्द टाळा. 'मार्ग' घ्या: राजमार्ग, महामार्ग, मार्गदर्शक, जोडशब्द भरपूर. पण मार्ग कुणी बघत बसत नाही, कुणाचा मार्ग लागत नाही. काम फार तर मार्गी लागतं, त्यापुढे तो शब्द गंमत करू देत नाही. आपल्याला स्वयंपाकघरात, बाजारात आणि भांडणात वापरून झिजलेला शब्द हवा. नाम आणि क्रियापद दोन्ही अंगांनी वापरात असेल तर फारच उत्तम, कारण कोट्यांचा खरा माल क्रियापदातच असतो.

'पाणी' सगळ्यांना आधी सुचतं. शब्द भरघोस आहे, पण त्यावरचा लेख तिसऱ्या मिनिटाला दुष्काळावर जातो आणि चौथ्या मिनिटाला प्रवचन सुरू होतं. 'लागणे' इतका अफाट आहे की नवखा माणूस त्यातून बाहेरच येत नाही. 'हात', 'पोट', 'डोळा' चालतील. 'वाट' मला सर्वांत सोयीचा वाटतो. (पाहा, सुरू झालंच.)

२. गोतावळा गोळा करा

वहीची समोरासमोरची चार पानं घ्या.

पहिल्या पानावर रस्त्याच्या अर्थाची वाट. वाट पाहणे, वाट काढणे, वाट देणे, वाट चुकणे, वाट वाकडी करणे, वाट लागणे, वाट लावणे, वाटेला जाणे, वाटेला लावणे, वाटेवर आणणे. मग जोडशब्द: पायवाट, आडवाट, चोरवाट, पळवाट, गाडीवाट, वहिवाट, विल्हेवाट, वाटसरू, वाटाड्या, वाटमारी, वाटखर्च, वाटचाल. इथे सह्याद्रीत भटकणाऱ्या एखाद्याला गाठा, त्याच्याकडे वेगळाच साठा असतो. घाटवाट, मळलेली वाट, "त्या दगडापासून डावीकडे एक वाट फुटते", आणि ढोरवाट. ढोरवाट म्हणजे गुरांच्या चरण्याने पडलेली वाट. ती अगदी रुळलेली दिसते, आत्मविश्वासाने जंगलात घेऊन जाते आणि एखाद्या झुडपाशी संपते. सरकारी कार्यालयात फिरलेल्या माणसाला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही.

दुसऱ्या पानावर हिश्श्याच्या अर्थाचा वाटा: वाटणी, वाटप, वाटेकरी, वाटणीपत्र, वाट्याला येणे, खारीचा वाटा, सिंहाचा वाटा. मुंबई-कोकणातल्या मासळी बाजारातला वाटा विसरू नका. कोळणीपुढे कोळंबीचे, जवळ्याचे ढीग मांडलेले असतात, त्या एकेका ढिगाला वाटा म्हणतात. वजनकाटा नाही, ताजव्याची भानगड नाही, "वाटा कसा दिला?" एवढंच विचारायचं. हा एक अर्थ कळला की वडिलोपार्जित जमिनीचा वाटा आणि हा वाटा शेजारी आणून ठेवता येतात: "वाटा मागायला भाऊ तालुक्याला गेला, मी बाजारात गेलो. मला लगेच मिळाला, तोही ताजा."

तिसरं पान 'वाटणे' या क्रियापदाचं, आणि इथे तीन क्रियापदं एकाच नावाने नांदतात. मनात येणे या अर्थी वाटणे, देत सुटणे या अर्थी वाटणे, आणि पाट्यावर किंवा मिक्सरमध्ये वाटणे. वाटण, वाटली डाळ, वाटलेली मिरची, वाटेल ते, वाट्टेल तेव्हा, हे सगळं याच पानावर.

चौथ्या पानावर नुसते दिसायला आणि ऐकायला जवळचे: वाटी, वाटाणा, वाटोळं, वाटाघाटी. वाटीचे पोटप्रकार वेगळे लिहा. आमटीची वाटी, खोबऱ्याची वाटी, गुडघ्याची वाटी. आणि वाटाण्याच्या अक्षता, म्हणजे नकार. यातला कोणता शब्द मुळात 'वाट'चा सख्खा आणि कोणता परका, ही चौकशी करत बसू नका. वाट संस्कृत 'वर्त्मन्'पासून आली असेल. समोर बसलेल्यांच्या कानाला वाटाणाही तिचाच नातेवाईक वाटतो, आणि आपला व्यवहार कानाशी आहे.

३. सामान्यरूपं तपासा

ही पायरी बहुतेक जण वगळतात, आणि लेख तिथेच कोसळतो. शब्द सारखा असून भागत नाही. वाक्यात वापरताना त्याचं जे रूप होतं ते सारखं असावं लागतं, तरच कोटी बसते.

वाट, वाटा आणि वाटी घ्या. वाट – वाटेला. वाटा – वाट्याला. वाटी – वाटीला. तिघांच्या वाटा वेगळ्या झाल्या, म्हणजे एकवचनात 'ला' लावून तिघांना एकत्र आणता येणार नाही. आता अनेकवचन करा. वाट – वाटांना. वाटा – वाट्यांना. वाटी – वाट्यांना. हिस्से आणि आमटीची भांडी इथे एकरूप झाली! "दोघा भावांचं वाट्यांवरून भांडण झालं" हे वाक्य जमिनीचंही आहे आणि पंगतीचंही. असं रूप सापडलं की वहीत त्याला गोल करा.

दुसरं गोल करण्यासारखं रूप म्हणजे नुसतं 'वाटा'. अनेक रस्ते, एक हिस्सा, "पेढे वाटा" ही विनंती आणि "मिरच्या वाटा" हा हुकूम; चार गोष्टी एका रूपात. 'वाट' सुद्धा तसंच: "आधी मिरची वाट, मग कुणाची ती वाट बघ."

'खारीचा वाटा' बघा. खार या प्राण्याचं सामान्यरूप 'खारी', आणि बेकरीतल्या खारीचं सामान्यरूपही 'खारी'. त्यामुळे "श्रमदानात मी खारीचा वाटा उचलला, चहाबरोबर" हे एक टिंबही न बदलता चालतं. 'सिंहाचा वाटा' घेऊन असं काही करता येत नाही. दोन्ही वाक्प्रचार शेजारी शेजारी आठवतात म्हणून दोन्ही वापरायचा मोह होतो. आवरा.

आता क्रियापद. इथे सगळी गंमत कर्त्याच्या विभक्तीत आहे. मनात येण्याच्या अर्थी आपण "मला वाटतं" म्हणतो. वाटप किंवा वाटण असेल तर "मी वाटतो". म्हणजे 'मला' आणि 'मी' हे दोन पहारेकरी अर्थ फुटू देत नाहीत. पण बोलताना आपण 'मला' सर्रास गाळतो. वीज गेली, भांडं फुटलं, जावयाचा फोन आला, की घरातलं कुणीतरी म्हणतंच, "वाटलंच होतं!" पहारेकरी गेला. आता शेजारचा माणूस विचारू शकतो, "वाटलं होतं तर फ्रिजमध्ये का नाही ठेवलं?"

कर्ता गाळता येतो का, हे प्रत्येक क्रियापदाच्या बाबतीत विचारा. निम्म्या कोट्या तिथेच सापडतात.

भूतकाळात आणखी एक दार उघडतं. "पाहुण्यांना बर्फी वाटली" याचे सरळ दोन अर्थ होतात: पाहुण्यांना बर्फी दिली, किंवा समोर जे काही होतं ते पाहुण्यांना बर्फीसारखं दिसलं. दुसरं वाक्य जोडा: "पाहुण्यांना बर्फी वाटली. होती वाटली डाळ."

लेखी भाषा आणि बोली यांत कोट्या बदलतात, हेही ध्यानात ठेवा. पुस्तकी मराठीत "मला बरे वाटले" आणि "मी पेढे वाटले" यांतलं 'वाटले' एकच आहे. बोलीत मात्र "बरं वाटलं" आणि "पेढे वाटले" असं ते फुटतं. कागदावर जमलेली कोटी माइकवर पडते, ती पुष्कळदा यामुळे. लेख छापायचा की वाचायचा हे आधी ठरवा आणि त्याच भाषेत रूपं तपासा.

शाळेच्या व्याकरणात श्लेषाचे दोन प्रकार शिकवलेले असतात. शब्द न तोडता दोन अर्थ निघाले तर अभंग श्लेष. "मित्राच्या उदयाने कोणास आनंद होत नाही" मधला मित्र म्हणजे सूर्यही आणि दोस्तही. शब्द तोडून दुसरा अर्थ काढला तर सभंग. 'वाटसरू' तोडून "वाट सरू दे" करणं हा सभंग. नवख्यांना सभंग श्लेषाचं फार आकर्षण असतं, कारण तो करताना आपण हुशार आहोत असं वाटतं. ऐकणाऱ्याला मात्र तो कागदावर बघितल्याशिवाय कळत नाही. पाच मिनिटांत एखादाच ठेवा.

४. अर्थ वळवायची जागा ठरवा

कोटीत पहिला अर्थ आधी पक्का बसावा लागतो. ऐकणाऱ्याने तो निमूटपणे गिळला, की मग दुसरा. हे सगळ्यांत चांगलं संवादात जमतं, कारण एकाने एका अर्थाने विचारायचं आणि दुसऱ्याने दुसऱ्या अर्थाने उत्तर द्यायचं, दोघांनीही गंभीर राहून.

फसलेली मांडणी अशी असते: "आनंद वाटतो तसे पेढेही वाटावेत, कारण वाटल्याने वाटणाऱ्यालाही बरे वाटते." यात कोटी आहे, पण ती सुविचाराचा सदरा घालून आली आहे. हे वाक्य शाळेच्या फळ्यावर शोभेल.

तोच माल संवादात घाला:

"जोशीबुवा, मुलगी झाली म्हणे! काही वाटलं की नाही?"
"वाटलं तर! खूप आनंद वाटला."
"तो घरी वाटून घ्या. ऑफिसात पेढे वाटा."

पहिल्या माणसाचा प्रश्न पेढ्यांचाच आहे, पण तो भावनेचाही असू शकतो. जोशीबुवा मुद्दाम किंवा भोळेपणाने भावनेचं उत्तर देतात. तिसऱ्या वाक्यात पहिला माणूस 'आनंद वाटणे' यातच वाटप करून टाकतो. कुणीही "इथे वाटणे म्हणजे" असं म्हणालेलं नाही. दोन अर्थांचा शब्द शक्यतो वाक्याच्या शेवटाला ठेवा. मराठीत क्रियापद शेवटी येतं, ती आपल्याला आयतीच सोय आहे.

विभक्तीच्या एका प्रत्ययावरही अर्थ वळतो. "पाहुण्यांना वाटेला लावलं" म्हणजे त्यांना निरोप दिला, फार तर थोडा घाईने. "पाहुण्यांची वाट लावली" म्हणजे त्यांचं काही खरं राहिलं नाही. एखाद्या पात्राला या दोन वाक्यांत गोंधळायला लावा. परदेशात वाढलेला नातू त्यासाठी उत्तम. तो आजोबांच्या मित्राला सोडायला बसस्टॉपवर जातो आणि परत येऊन अभिमानाने सांगतो, "आजोबा, काकांची वाट लावून आलो."

५. लेखाला एक घर द्या

सुटे विनोद कितीही चांगले असले तरी पाच मिनिटं टिकत नाहीत. एक जागा, एक दिवस, तीन-चार माणसं ठरवा. ज्या जागी तुमच्या शब्दाचे सर्वांत जास्त अर्थ खरोखर वापरात येतात ती जागा निवडा. 'वाट'साठी दोन जागा नामी आहेत. एक, चुकलेला ट्रेक: वाटाड्या, ढोरवाट, वाटणीला आलेली अर्धी पोळी, आणि जायचं होतं नाणेघाटात, जिथला दगडी रांजण जकातीचा म्हणून दाखवतात, तिथे वाटमारी आणि टोलनाका एका वाक्यात येतातच. दुसरी, विसर्जनाच्या दिवशीचं स्वयंपाकघर, कारण त्या दिवशी वाटली डाळ असते. नमुना दुसऱ्याचा देतो:

"विसर्जनाच्या दिवशी सकाळी आजी म्हणाली, 'डाळ वाट.' मी वाट बघत बसलो, दुसरं कुणी उठतंय का याची. कुणी उठलं नाही. काम माझ्याच वाट्याला आलं. मिक्सर लावला आणि वीज गेली. 'वाटलंच होतं,' आजोबा पेपरामागून म्हणाले. 'वाटलं होतंत तर काल रात्रीच का नाही सांगितलंत? फ्रिजमध्ये ठेवली असती,' आजी म्हणाली. शेवटी पाटा-वरवंटा निघाला. आजोबांना पाट्यावर बसवता येईना, त्यांच्या गुडघ्याची वाटी केव्हाच त्यांच्या वाटेतून बाजूला झाली आहे. वरवंटा मी धरला. तासाभराने जेवढी झाली तेवढी आरतीनंतर सगळ्यांना दिली. शेजारच्या काकू हातातल्या द्रोणाकडे बघून म्हणाल्या, 'एवढीशीच?' आजी म्हणाली, 'वाटली तेवढी वाटली.'"

शेवटचं वाक्य बघा. मिक्सरविना जेवढी वाटून झाली तेवढी वाटप केली, किंवा मनाला वाटली तेवढी दिली, किंवा मनाला आलं तेवढीच वाटून ठेवली; आजीला यातलं नेमकं काय म्हणायचं आहे ते काकूंनी ठरवायचं. तिन्ही क्रियापदं तीन शब्दांत आली, आणि आजी खरोखर असंच बोलेल. कोटी वगळूनही ते वाक्य त्या घरात टिकतं. प्रत्येक कोटीला हीच परीक्षा लावा: हे माणूस, या जागी, गंमत करायची नसतानाही हे बोललं असतं का?

नमुन्यात एक वाक्य मला पटत नाही, ते म्हणजे गुडघ्याच्या वाटीचं. 'वाटी' आणि 'वाटेतून' एकाच वाक्यात कोंबल्यामुळे ते घडवलेलं दिसतं. "गुडघ्याच्या वाटीने केव्हाच वेगळी वाट धरली आहे" असं केलं तर थोडं सुटतं. तुमच्या लेखातही असं एखादं वाक्य राहीलच. ते कोणतं ते तुम्हाला माहीत असायला हवं, म्हणजे ऐनवेळी वेळ कमी पडला तर आधी तेच जाईल.

६. कापा

पहिला खर्डा बाराशे-पंधराशे शब्दांचा होतो. वाचायचे पाचशे ते सहाशे. हसण्याला वेळ द्यावा लागतो. सर्वांत आधी ती वाक्यं काढा ज्यांत एकच अर्थ दुसऱ्यांदा आला आहे. मग ती, जी फक्त वहीत शब्द होता म्हणून आली. 'वाटखर्च' आणि 'वाटप' माझ्या हातून दर वेळी इथेच जातात.

टाळीच्या वाक्यानंतरचं वाक्य निर्दयपणे काढा. "वाटली तेवढी वाटली" यानंतर "आता कुणाला कमी वाटली तर मी काय वाटू?" असं आजीच्या तोंडी घालायची अनावर इच्छा होते. वाक्य वाईट नाही. पण लोक हसत असताना ते बोललं जातं, कुणाला ऐकू येत नाही, आणि ज्यांना येतं त्यांना लेखक आपली पाठ थोपटतोय एवढंच कळतं.

७. मोठ्याने वाचा

रेकॉर्डर लावून वाचा आणि दुसऱ्या दिवशी ऐका. त्याच दिवशी ऐकलं तर आपल्याला सगळंच आवडतं.

ट आणि त यांचे उच्चार स्वच्छ हवेत. समईची वात, अंगातला वात आणि 'वात आणणे' हे वेगळं घराणं आहे. साध्या माइकवर "वात आणला" आणि "वाट लावली" शेजारी आले की घोळ होतो. कोटीआधी अर्धा क्षण थांबा, नंतर थांबू नका. आणि चेहरा सरळ ठेवा. वाचणारा आधी हसला तर ऐकणाऱ्यांना हसण्याचं काम उरत नाही.

परदेशातल्या मंडळात वाचणार असाल तर पुढची रांग आणि मागची रांग दोन वेगळ्या भाषा बोलतात, हे गृहीत धरा. तिथे वाढलेल्या मुलांना 'वाट लागली' नक्की येतं, 'वाटी' येते, 'मला वाटतं' येतं. 'वहिवाट' आणि 'वाटाण्याच्या अक्षता' येत नाहीत. मुलांना येणाऱ्या तीन शब्दांवरच्या कोट्या सुरुवातीला घ्या. ती हसली की आईवडील निर्धास्त होतात आणि पुढचं लक्ष देऊन ऐकतात.

हमखास सापळे

*"वाट पाहून पाहून वाट लागली."* हे वाक्य महाराष्ट्रात प्रत्येकाने एकदा तरी म्हटलेलं आहे. तुमच्या लेखात ते नको. 'वाट लागणे' एकदाच वापरा, तेही अपेक्षा नसलेल्या तोंडी, म्हणजे गुरुजी किंवा डॉक्टर.

*व्हॉट आणि वाट, व्हॉट्सॲपचं वाटसॲप.* शिळं झालं. पुढचा माणूस आधीच मनात म्हणून मोकळा झालेला असतो.

*वाटाघाटी तोडणे.* 'वाटा' आणि 'घाटी' असे तुकडे पाडायची कल्पना मुंबईत कुणालातरी सुचतेच. 'घाटी' हा तिथे हिणवण्याचा शब्द आहे. ज्यांना तो ऐकून घ्यावा लागला ती माणसं तुमच्यासमोर बसलेली असतील. नका करू.

*लग्नात आणि बारशात 'वाटोळं'.* चपातीचा गोल आकार आणि सत्यानाश यांवरची कोटी सुचायला सोपी आहे. शुभकार्यात वाटोळं हा शब्द उच्चारला की मागच्या रांगेतली एखादी आत्या कार्यक्रम संपेपर्यंत तुमच्याकडे बघत राहते.

*गावात 'वहिवाट'.* शहरात हा शब्द गमतीचा, गावात तो कोर्टाचा आहे. बांधावरून वाट मागायची तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ चं कलम १४३. चालू वाट अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ चं कलम ५. हे आकडे तोंडपाठ असलेली माणसं श्रोत्यांत निघतात, आणि कधी कधी दोन्ही बाजूंची एकाच सतरंजीवर बसलेली असतात. वाटणीच्या विनोदांनाही हेच लागू. भावकीत दावा चालू आहे का, एवढं आयोजकांना आधी विचारून घ्या.

*फॉरवर्डमधून उचलणे.* ज्याने तुम्हाला तो पाठवला त्यानेच समोर बसलेल्यांनाही पाठवलेला असतो.

*अर्थ सांगणे.* "म्हणजे इथे वाटणे हे दोन्ही अर्थांनी बरं का!" असं वाक्य खर्ड्यात आलं असेल तर ते खोडू नका, त्याआधीची कोटीच खोडा. तिला कुबडी लागते आहे याचा अर्थ ती चालत नाही.

सरावाला पुढचा शब्द

'वाट' झाल्यावर 'काढणे' घ्या. नाम नाही, शुद्ध क्रियापद आहे, त्यामुळे तिसरी पायरी जास्त कसून करावी लागते. सुरुवातीपुरतं हे वहीत उतरवून ठेवा: दूध काढणे, कर्ज काढणे, फोटो काढणे, झोप काढणे, दिवस काढणे, सहल काढणे, नाव काढणे, खोडी काढणे, उणीदुणी काढणे, दृष्ट काढणे, वरात काढणे, दुखणं अंगावर काढणे. यातलं 'नाव काढणे' फार कामाचं आहे: मुलाने घराण्याचं नाव काढलं तर कौतुक, आणि "त्या माणसाचं नाव काढू नकोस" म्हटलं की भांडण. दोन्ही एकाच माणसाबद्दल बोलायला लावणारा प्रसंग आधी शोधा, बाकीची यादी नंतर.